लॅपटॉपवर विंडोज नव्याने बसविल्यानंतर वाय-फाय बंद पडल्यास करावयाची उपाययोजना

विविध कार्यकारी सेवा सहकारी सोसायटीची कचेरी, शेतकरी उत्पादक कंपनी, गावातील आपले सरकार सेवा केंद्र आणि आता कित्येक बागाईतदारांची घरेसुद्धा, ह्या ठिकाणी लॅपटॉप हे नित्याचे अवजार होऊन बसले आहे. महाडीबीटीवरील अर्ज, पीक विम्याची नोंद, सात-बाराचा उतारा, बाजार समित्यांतील आवक व दर, तसेच दर मंगळवारी व शुक्रवारी निघणारी हवामानावर आधारित कृषि सल्ला पत्रिका ह्या सर्व गोष्टी त्याच्या साहाय्याने जागच्या जागी मिळतात. ह्या सर्वांच्या मुळाशी इंटरनेटची जोडणी आहे. ती तुटली म्हणजे उत्तम लॅपटॉपही पाणी न चढणाऱ्या पंपासारखा नुसता जागा अडवून बसतो.

विंडोज १० ह्या प्रणालीस तिच्या निर्मात्यांकडून मिळणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती ग्राहकांकरिता सुरक्षाविषयक दुरुस्त्यांची जी मुदतवाढ जाहीर झाली, तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच होय. ह्या कारणाने गेल्या काही काळात पुष्कळांनी आपल्या लॅपटॉपवर विंडोज ११ बसवून घेतले. ज्यांचे यंत्र त्या प्रणालीच्या अटींत बसत नव्हते, त्यांपैकी काहींनी लिनक्सचा अवलंब केला. काहींचा लॅपटॉप केवळ मंद झाला होता म्हणून त्यांनी आहे तीच प्रणाली पुसून पुन्हा बसविली. ह्या क्रियेस बाजारात ‘फॉरमॅट मारणे’ असे म्हणतात. फॉरमॅट मारून लॅपटॉप घरी आणला, तो सुरू झाला, जलदही झाला. परंतु वाय-फायचे चिन्हच नाहीसे झाले, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. प्रस्तुत लेखात ह्या दोषाची कारणे व त्यांवरील उपाय ह्यांची माहिती द्यावयाची आहे.

दोष यंत्राचा की मांडणीचा?

प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. काल चालणारे वाय-फाय आज प्रणाली बदलल्यावर बंद पडले, तर यंत्रातील वाय-फाय कार्ड जळाले असण्याचा संभव फार थोडा असतो. प्रणाली बसविणे हे काम साठवणुकीच्या तबकडीवर चालते. कार्डास त्यात कोणी हात लावीत नाही. असे असूनही कार्ड गेले, मदरबोर्ड गेला, नवा लॅपटॉप घ्या, असा सल्ला देणारे भेटतात. गतवर्षी जुलै महिन्यात एका सोसायटीच्या सचिवांना असाच सल्ला मिळाला होता. पीक विम्याचे अर्ज भरण्याचे दिवस होते आणि सभासद रोज कचेरीत येऊन परत जात होते. आठवडाभराने तो लॅपटॉप पाहिला तेव्हा कार्ड शाबूत होते; केवळ त्याचा ड्रायव्हर बसविलेला नव्हता. साध्या मोबाईलच्या व एका केबलच्या साहाय्याने वीस-पंचवीस मिनिटांत काम झाले. तथापि तो आठवडा मात्र वाया गेलाच, आणि काही सभासदांना तालुक्यास हेलपाटा पडला.

पिकाची पाने पिवळी पडली म्हणजे नत्रच कमी पडले असे आपण म्हणत नाही. चुनखडीच्या जमिनीत लोहाच्या अभावानेही पाने पिवळी पडतात, पाणी साचून मुळे गुदमरली तरी पडतात. कोणती पाने पिवळी, शिरा हिरव्या की पिवळ्या, हे पाहूनच कारण ठरवावे लागते. वाय-फायच्या बाबतीतही हीच पद्धत उपयोगी पडते. लक्षण नीट पाहिल्याशिवाय उपाय करीत सुटणे म्हणजे पैसा व वेळ दोन्हींचा अपव्यय होय.

ह्या जोडणीत तीन दुवे असतात. पहिला लॅपटॉपच्या आतील कार्ड. दुसरा त्या कार्डास प्रणालीशी बोलते करणारी आज्ञावली, जिला ड्रायव्हर म्हणतात. तिसरा राउटर व त्यापलीकडे जाणारी तार किंवा फायबर. प्रणाली नव्याने बसविल्याने ह्यांपैकी पहिल्या व तिसऱ्या दुव्यास सहसा धक्का लागत नाही. दुसरा मात्र समूळ पुसला जातो. शिवाय जुन्या प्रणालीत साठविलेले पासवर्ड, हाताने भरलेले पत्ते आणि इतर मांडणी हीही त्याबरोबर जाते.

पहिली परीक्षा

लॅपटॉपला हात लावण्यापूर्वी त्याच खोलीत, त्याच वाय-फायवर, आपला मोबाईल जोडून पाहावा. मात्र असे करताना मोबाईलमधील मोबाईल डेटा बंद ठेवावा. पुष्कळजण ही खबरदारी घेत नाहीत; मग पान मोबाईल डेटावर उघडते आणि राउटर ठीक आहे असा चुकीचा निष्कर्ष निघतो. मोबाईलवरही काही उघडत नसेल तर दोष लॅपटॉपचा नव्हे. राउटरच्या पेटीवर इंग्रजीत ‘लॉस’ असे लिहिलेला दिवा तांबडा लागला असेल, तर फायबरमधून प्रकाश येतच नाही असे समजावे. केबल तुटली आहे किंवा खांबावरील जोड सुटला आहे. अशा वेळी सेवा देणाऱ्या कंपनीकडे तक्रार नोंदविण्यापलीकडे घरी करण्यासारखे काही नसते.

मोबाईल चालतो व लॅपटॉप चालत नाही, असे ठरल्यावर पुढे जावे. लॅपटॉपच्या पडद्यावर उजव्या खालच्या कोपऱ्यात काय दिसते ते पाहावे. वाय-फायचे बटणच दिसत नाही. बटण आहे पण आपले नाव यादीत नाही. नाव आहे पण पासवर्ड स्वीकारला जात नाही. जोडणी होते पण पान उघडत नाही. अथवा जोडणी होऊन थोड्या वेळाने तुटते. ह्यांपैकी पहिले लक्षण प्रणाली बदलल्यानंतर सर्वांत जास्त आढळते, म्हणून त्याचा विचार विस्ताराने करू.

वाय-फायचे बटणच दिसत नसल्यास

काही लॅपटॉपवर वाय-फाय चालू-बंद करण्याची कळ किंवा बाजूस सरकते बटण असते. कळफलकाच्या वरच्या ओळीत मनोऱ्याचे किंवा विमानाचे चित्र असलेली कळ असल्यास, ‘एफएन’ ही कळ दाबून धरून ती एकदा दाबून पाहावी. फॉरमॅट करताना चुकून विमान-स्थिती चालू राहिलेली पुष्कळदा आढळते. एवढ्याने काम झाले तर उत्तमच.

न झाल्यास डिव्हाइस मॅनेजर उघडावा. स्टार्टच्या चिन्हावर माऊसचे उजवे बटण दाबल्यावर जी यादी येते, तीत हे नाव सापडते. त्यात ‘नेटवर्क अडॅप्टर्स’ ह्या शीर्षकाखाली वायरलेस किंवा वाय-फाय असे नाव असलेली ओळ आहे काय ते पाहावे. ती नसेल आणि त्याऐवजी ‘अदर डिव्हायसेस’ ह्या शीर्षकाखाली ‘नेटवर्क कंट्रोलर’ असे नाव पिवळ्या उद्गारचिन्हासह दिसत असेल, तर निदान पक्के झाले असे समजावे. कार्ड जिवंत आहे, प्रणालीस ते दिसतेही आहे, परंतु त्याची भाषा प्रणालीस येत नाही. ड्रायव्हर बसविणे हाच ह्यावर उपाय होय.

येथे एक अडचण उभी राहते. ड्रायव्हर इंटरनेटवर आहे आणि इंटरनेट ड्रायव्हरवाचून मिळत नाही. विहिरीत उतरावयास शिडी हवी आणि शिडी विहिरीतच पडलेली, असा हा प्रकार आहे. ह्यातून सुटण्याचा सर्वांत सुलभ मार्ग आपल्या खिशातच असतो. अँड्रॉइड मोबाईल यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडावा व मोबाईलच्या सेटिंग्जमधील हॉटस्पॉट व टेदरिंग ह्या भागात जाऊन ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करावे. विंडोज व लिनक्स ह्या दोन्ही प्रणालींत ह्या प्रकारच्या जोडणीचा ड्रायव्हर मुळातच असतो. त्यामुळे थोड्याच वेळात लॅपटॉपला तारेने इंटरनेट मिळाल्यासारखी जोडणी दिसू लागते. केबल मात्र माहिती वाहून नेणारी हवी. काही स्वस्त केबलींत केवळ चार्जिंगच्याच तारा असतात. अशी केबल लावली असता मोबाईल चार्ज होतो, परंतु टेदरिंगचे बटण निकामीच राहते. असे दिसल्यास प्रथम केबल बदलावी. ज्या लॅपटॉपला लॅन केबलचे भोक आहे, तो राउटरला थेट केबलने जोडूनही हेच काम साधते. राउटर जवळ असल्यास हा मार्ग अधिक चांगला, कारण त्यात मोबाईलचा डेटा खर्च होत नाही.

डेटाच्या खर्चाबाबत थोडी दक्षता बाळगणे इष्ट होय. नव्याने बसविलेले विंडोज इंटरनेट मिळताच आपल्या सर्व दुरुस्त्या उतरवून घेऊ लागते आणि दिवसाचा दीड-दोन जीबीचा साठा पाहता पाहता संपतो. ह्या जोडणीवर ‘मीटर्ड कनेक्शन’ अशी खूण करून ठेवता येते. परंतु तसे केल्यास विंडोज ड्रायव्हरही आपण होऊन उतरवीत नाही. सबब ज्यांचा डेटा मर्यादित आहे त्यांनी ही खूण करावी व पुढे सांगितल्याप्रमाणे फक्त वाय-फायचा ड्रायव्हर स्वतः उतरवून घ्यावा. काम होताच टेदरिंग बंद करावे.

ड्रायव्हर कोठून घ्यावा

जोडणी मिळाल्यावर सेटिंग्जमधील ‘विंडोज अपडेट’ येथे जाऊन शोध चालू करावा. पुष्कळ कार्डांचे ड्रायव्हर येथूनच आपोआप बसतात. तेथे न मिळाल्यास ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ मधील ‘ऑप्शनल अपडेट्स’ ह्या ठिकाणी ड्रायव्हरची वेगळी यादी असते, तीही पाहावी.

ह्यानेही काम न झाल्यास लॅपटॉप बनविणाऱ्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर जावे. लॅपटॉपच्या तळाशी चिकटविलेल्या कागदावर अनुक्रमांक छापलेला असतो. काही कंपन्या त्यास ‘सर्व्हिस टॅग’ म्हणतात. तो भरला असता नेमक्या त्याच यंत्राचे ड्रायव्हर समोर येतात. केवळ मॉडेलच्या नावावर विसंबू नये. एकाच नावाच्या बियाण्याच्या दोन लॉटांत जसा फरक असू शकतो, तसाच एकाच मॉडेलच्या निरनिराळ्या खेपांत निरनिराळ्या कंपन्यांची वाय-फाय कार्डे बसविलेली असतात.

कार्ड कोणाचे आहे हे डिव्हाइस मॅनेजरवरूनही कळते. उद्गारचिन्ह असलेल्या ओळीवर उजवे बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’ व त्यातील ‘डिटेल्स’ उघडावे आणि यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’ निवडावे. तेथे जी लांबलचक ओळ दिसते, तीत ‘व्हीईएन’ ह्या तीन अक्षरांनंतर येणारी चार चिन्हे म्हणजे निर्मात्याचा क्रमांक होय. ८०८६ असेल तर कार्ड इंटेलचे. १०ईसी असेल तर रियलटेकचे. १४ई४ असेल तर ब्रॉडकॉमचे. १६८सी असेल तर अथेरॉसचे, जे पुढे क्वालकॉममध्ये विलीन झाले. आणि १४सी३ असेल तर मीडियाटेकचे. (इंटेलने १९७८ साली काढलेल्या प्रसिद्ध प्रोसेसरचा क्रमांकही ८०८६ असाच होता, त्यामुळे हा एक क्रमांक सहज लक्षात राहतो.) त्यापुढे ‘डीईव्ही’ नंतर येणारी चार चिन्हे कार्डाचा नेमका प्रकार सांगतात. ही दोन्ही टिपून ठेवली म्हणजे कोणताही जाणकार दूरध्वनीवरूनही योग्य ड्रायव्हर सांगू शकतो.

उतरविलेली फाईल स्वतः चालणारी असेल तर ती उघडून सूचना पाळाव्यात. ती नुसती गुंडाळलेली फाईल असेल तर प्रथम सोडवून घ्यावी. नंतर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘अपडेट ड्रायव्हर’ निवडून आपल्या संगणकावर शोधण्याचा पर्याय घ्यावा व तो फोल्डर दाखवावा. बसविल्यानंतर लॅपटॉप एकदा बंद करून चालू करावा.

शोधयंत्रात ‘ड्रायव्हर डाउनलोड’ असे लिहिले असता जी पाने प्रथम येतात, त्यांपैकी अनेक जाहिराती असतात. सर्व ड्रायव्हर एका दाबेत अद्ययावत करून देण्याचे आमिष दाखविणाऱ्या आज्ञावली घेऊ नयेत. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे शोधयंत्रातच सापडलेल्या ‘ग्राहक सेवा’ क्रमांकावर फोन लावणे. असे क्रमांक पुष्कळदा ठकांनी पेरलेले असतात. पलीकडची व्यक्ती लॅपटॉप किंवा मोबाईल दुरून चालविण्याची आज्ञावली घ्यावयास सांगते आणि पाहता पाहता बँकेचे खाते रिकामे होते. अनुदानाची व पीककर्जाची रक्कम ज्या खात्यात जमा होते, त्याच खात्याचा मोबाईल त्या वेळी हातात असतो, हे विसरू नये. फसवणूक झालीच तर विलंब न लावता १९३० ह्या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे. जितक्या लवकर कळविले जाईल तितका रक्कम अडविली जाण्याचा संभव अधिक.

विंडोज ११ बसवितानाच अडल्यास

विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्या बसविताना मध्येच इंटरनेटची जोडणी मागतात व ती मिळाल्यावाचून पुढे सरकत नाहीत. कार्डाचा ड्रायव्हर नसेल तर त्या पडद्यावर एकही वाय-फाय दिसत नाही आणि काम तेथेच थांबते. येथेही यूएसबी टेदरिंगचा उपाय लागू पडतो. मोबाईल जोडून टेदरिंग चालू केल्यावर ‘नेक्स्ट’ चे बटण जागे होते. अगदी अलीकडील आवृत्तीत त्याच पडद्यावर पेन ड्राइव्हवरून ड्रायव्हर बसविण्याची सोयही दिलेली आहे.

ओळ अजिबात दिसत नसल्यास

क्वचित् डिव्हाइस मॅनेजरमध्ये उद्गारचिन्हही नसते आणि कार्डाचे नावही नसते. किंवा नाव असते, परंतु ‘कोड १०’ असा दोष दाखविलेला असतो. अशा वेळी लॅपटॉप पूर्ण बंद करावा, चार्जर काढावा, बॅटरी निघण्यासारखी असल्यास तीही काढावी आणि चालू करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे. आत साठलेली वीज ह्याने निघून जाते व अडकून पडलेले कार्ड पुष्कळदा पुन्हा जागे होते. उपाय साधा वाटला तरी तो करून पाहण्यासारखा आहे. त्यानंतरही कार्ड न दिसल्यास बायोसमध्ये ते बंद केलेले नाही ना हे पाहावे. तेथेही चालूच असेल, तर मात्र कार्ड सैल झाले आहे किंवा खरोखरच गेले आहे असे मानण्यास जागा आहे.

लिनक्स बसविले असल्यास

विंडोज ११ करिता टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय व बऱ्यापैकी अलीकडचा प्रोसेसर लागतो. इंटेलचे साधारणतः २०१७ पूर्वीचे प्रोसेसर त्या यादीत बसत नाहीत. असे लॅपटॉप टाकून न देता त्यांवर लिनक्स बसविणे हा शहाणपणाचा मार्ग आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. निव्वळ ब्राउझरमधून अर्ज भरणे व दर पाहणे ह्याकरिता ते पुरेसे होते.

लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर प्रणालीच्या गाभ्यातच असतात. उणीव भासते ती फर्मवेअरची, म्हणजे कार्डाच्या आत भरावयाच्या छोट्या आज्ञावलीची. डेबियन ह्या प्रणालीत जून २०२३ मध्ये निघालेल्या १२ व्या आवृत्तीपासून असे फर्मवेअर बसविण्याच्या फाईलबरोबरच दिले जाते. त्यापूर्वीच्या आवृत्त्यांत ते वेगळे मिळवावे लागे. उबुंटूमध्ये ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’ नावाची खिडकी असते. टेदरिंगने इंटरनेट देऊन ती उघडली असता ब्रॉडकॉमसारख्या कार्डांचा ड्रायव्हर तेथून बसविता येतो. ड्रायव्हर बसूनही चालत नसल्यास ‘सिक्युअर बूट’ कडे पाहावे. ही सोय चालू असताना स्वाक्षरी नसलेला ड्रायव्हर प्रणाली आत घेत नाही. बसविताना एक तात्पुरता पासवर्ड मागितला जातो व पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना निळ्या पडद्यावर तोच भरून संमती द्यावयाची असते. हा पडदा काय आहे हे न कळल्याने पुष्कळजण तो तसाच पुढे ढकलतात आणि ड्रायव्हर बाहेरच राहतो.

टर्मिनलमध्ये ‘आरएफकिल लिस्ट’ ही आज्ञा दिल्यास वाय-फाय आज्ञावलीने अडविले आहे की यंत्रावरील बटणाने, हे समजते. एकाच लॅपटॉपवर विंडोज व लिनक्स दोन्ही ठेवली असल्यास विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे. ही सोय चालू असता विंडोज खऱ्या अर्थाने बंद होत नाही. ते अर्धवट झोपी जाते व कधीकधी वाय-फाय कार्डही तसेच झोपलेले राहून लिनक्सला सापडत नाही.

नाव दिसत नाही किंवा पासवर्ड चालत नाही

कमी किमतीच्या पुष्कळ लॅपटॉपांतील कार्ड केवळ २.४ गिगाहर्ट्झवर चालते. राउटर ५ गिगाहर्ट्झवरच ठेवलेला असेल तर मोबाईलला तो दिसतो आणि लॅपटॉपला दिसत नाही. राउटरमध्ये २.४ चा पट्टा चालू करावा. तो चालू असूनही नाव दिसत नसेल तर राउटरचा चॅनेल पाहावा. आपल्या देशात ह्या पट्ट्यातील १ ते १३ चॅनेल वापरता येतात. परंतु अमेरिकेच्या नियमांनुसार मांडलेले कार्ड ११ च्या पुढे पाहत नाही. नव्या प्रणालीत कार्डाचा देश बदलला गेला असल्यास असे होते. राउटरला १, ६ किंवा ११ हा चॅनेल दिला म्हणजे प्रश्न मिटतो.

पासवर्ड नाकारला जात असेल तर तो प्रथम अक्षर न अक्षर पडताळावा. जुन्या प्रणालीत तो साठविलेला असल्याने आपणांस खरा पासवर्ड कधी आठवावाच लागलेला नसतो. तो बरोबर असूनही जोडणी न झाल्यास, राउटरची सुरक्षा केवळ डब्ल्यूपीए३ वर ठेवलेली नाही ना हे पाहावे. जुनी कार्डे ती पाळू शकत नाहीत. डब्ल्यूपीए२ व डब्ल्यूपीए३ हा मिश्र पर्याय घ्यावा. काही कचेऱ्यांत ठराविक यंत्रांनाच राउटर प्रवेश देतो आणि यंत्राची ओळख त्याच्या कार्डाच्या पत्त्यावरून पटवितो. विंडोजमधील ‘रँडम हार्डवेअर ॲड्रेस’ ही सोय चालू झाली असेल तर तो पत्ता बदलतो व राउटर ओळखत नाही. अशा कचेरीत ती सोय बंद ठेवावी.

जोडणी आहे, पान उघडत नाही

येथे सर्वांत प्रथम लॅपटॉपचे घड्याळ पाहावे. जुन्या लॅपटॉपमध्ये घड्याळ चालविणारी बटणाच्या आकाराची छोटी बॅटरी, बहुधा सीआर २०३२ ह्या प्रकारची, संपलेली असते. फॉरमॅट करताना वीज पूर्ण बंद झाली की तारीख कित्येक वर्षे मागे जाते. सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे ठराविक मुदतीची असतात. लॅपटॉपच्या मते अजून ती मुदत सुरूच झालेली नसल्याने तो शासकीय संकेतस्थळ धोक्याचे ठरवितो व उघडत नाही. तारीख, वेळ व भारतीय प्रमाणवेळ बरोबर करताच काम सुरू होते. तारीख दरवेळी मागे जात असेल तर ती बॅटरी बदलून घ्यावी. हा अल्प खर्चाचा भाग आहे.

घड्याळ बरोबर असल्यास लॅपटॉपला मिळालेला आयपी पत्ता पाहावा. वाय-फायच्या ‘प्रॉपर्टीज’ मध्ये तो दिसतो. त्याची सुरुवात १६९.२५४ अशी असेल तर राउटरने लॅपटॉपला पत्ता दिलेलाच नाही. लॅपटॉपने स्वतःच एक पत्ता धरून ठेवला आहे. राउटर एक मिनिट बंद करून चालू करावा व लॅपटॉपवरील हे नेटवर्क ‘फरगेट’ करून पुन्हा जोडावे. ज्या कचेरीत पत्ते हाताने भरण्याची पद्धत होती, तेथे मात्र जुने आकडे मिळवून पुन्हा भरावे लागतील. पत्ता योग्य आहे, तरीही पाने उघडत नाहीत, पण आधीच चालू असलेले एखादे ॲप चालते, असे असल्यास संकेतस्थळाच्या नावाचे आकड्यांत रूपांतर करणारी डीएनएस सेवा बिघडली असण्याचा संभव असतो. वाय-फायच्या मांडणीत डीएनएस हाताने निवडून ८.८.८.८ हा पत्ता भरून पाहावा. काहीच लागू न पडल्यास सेटिंग्जमधील ‘नेटवर्क रीसेट’ वापरावे. त्याने सर्व पासवर्ड पुसले जातात, म्हणून तो अखेरचा उपाय समजावा.

वारंवार तुटत असल्यास

नव्या प्रणालीत वीज वाचविण्यासाठी वाय-फाय कार्ड मधूनमधून बंद करण्याची मुभा असते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या ‘प्रॉपर्टीज’ मधील ‘पॉवर मॅनेजमेंट’ येथे ती खूण काढून टाकावी. पत्र्याच्या छपराच्या गोदामात किंवा पत्र्याच्या भिंतीपलीकडे राउटर असल्यास तुटण्याचे कारण तोच पत्रा होय, कारण धातूतून ह्या लहरी जात नाहीत. तेथे ड्रायव्हर बदलून उपयोग नाही, राउटरची जागा बदलावी.

कार्ड खरोखरच गेले असल्यास

सर्व उपाय थकल्यावर यूएसबीत लावण्याचा छोटा वाय-फाय डोंगल काही शे रुपयांत मिळतो व तो लॅपटॉप नवा घेण्याहून फारच स्वस्त पडतो. विकत घेताना आपल्या प्रणालीचे नाव सांगावे. लिनक्स असल्यास दुकानातच तो लावून पाहावा. त्यांतील कित्येकांना लिनक्समध्ये वेगळा ड्रायव्हर लागतो.

वाय-फाय सुरू झाल्यावर, किंवा फॉरमॅट मारण्याचे ठरल्यावर परंतु मारण्यापूर्वी, सर्व ड्रायव्हरची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून ठेवावी. पेन ड्राइव्हवर आधी एक रिकामा फोल्डर करावा. कमांड प्रॉम्प्ट प्रशासक म्हणून उघडून इंग्रजी अक्षरांत पुढील आज्ञा टंकावी: पीएनपीयूटिल, एक जागा, उजवीकडे झुकलेली तिरकी रेघ व तिला लागून एक्सपोर्ट, आडवी रेघ, ड्रायव्हर, पुन्हा एक जागा, तारांकन, एक जागा आणि शेवटी त्या फोल्डरचा मार्ग. त्याच पेन ड्राइव्हच्या डबीत एका कागदावर वाय-फायचे नाव व पासवर्ड, लॅपटॉपचा अनुक्रमांक, कार्डाचे निर्माता व प्रकार क्रमांक आणि हाताने भरलेले पत्ते असल्यास तेही लिहून ठेवावेत. डबी कचेरीच्या कपाटात, दप्तराबरोबर कुलपात असावी.